बांगडी वाढली

परवा कुकर घासताना माझी बांगडी त्याच्या कडेवर आपटली नि टचकन दोन तुकडे झाले. तुळशीबागेतून आणलेल्या हिरव्या डझनातली. "फुटली," मी म्हटलं. सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाढली म्हणावं."

आपल्याकडे बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं. दिवा विझत नाही, शांत होतो. घराबाहेर पडणाराही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. घरातल्या वस्तूवस्तूत मरण दबा धरून बसलंय आणि आपण शब्द फिरवून त्याला चकवतोय! यमाला मराठी कळत नसावं, निदान सदाशिव पेठेतलं तरी, असा आपला भरवसा. पानात तीन पोळ्या पडू नयेत म्हणून सासूबाई तिसरीचा तुकडा मोडून ठेवतात. म्हणजे यमाला मोजताही येत नाही.

माझं माहेर पेठेतल्या वाड्यात. आजोबा आजारी होते तेव्हा रात्री माजघराच्या तुळईतून कुरकुर यायची. उशाशी बसलेली आजी मला हलवून विचारायची, "ऐकलंस?" इंग्लंडात ओकच्या जुन्या तुळया पोखरणारा एक किडा आहे. तो जोडीदाराला साद घालायला लाकडावर डोकं आपटतो. तिथल्या लोकांनी त्या टकटकीला मरणाची चाहूल मानलं आणि त्याचं नावच पडलं डेथवॉच. रात्रीच्या शांततेत ती ऐकायला जागं कोण असणार? आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं माणूसच. आमची आजी तरी दुसरं काय करत होती? आजोबा पुढे अकरा वर्षं जगले. तुळईला मात्र लोखंडी टेकू द्यावा लागला.

सगळ्यात कडक नियम दक्षिणेचा. तिकडे पाय करून झोपायचं नाही, दिव्याची वात करायची नाही. आणि धनत्रयोदशीला मात्र कणकेचा दिवा करून, वात मुद्दाम दक्षिणेला करून, यमाच्याच नावानं लावायचा. वर्षभर ज्याला चुकवायचं त्याला एक संध्याकाळ उजेड दाखवायचा, हे मला फार आवडतं.

गेल्या वर्षी कोथरूडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मोबाइलमधल्या होकायंत्रावर दक्षिण शोधून मी तो दिवा ठेवला. वाऱ्याची झुळूक आली आणि गेला. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय गं, विझला का?"

जीभ चावून त्याच पुढे म्हणाल्या, "शांत झाला का?"

मी काडेपेटी शोधत होते.