आटे गेले, हेड नाही

भर पावसात एक टूरवर चालणारी सीएनजी गाडी तुर्भ्याला आमच्या गॅरेजात आली, ती फटफटतच. बॉनेट उघडलं तर एक इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, जागेवरून उचललेली. काढून बघितलं तर खालचा स्पार्क प्लग बोटांनी फिरत होता. बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमचा चुरा भरलेला. तो हेडचा, म्हणजे प्लग ज्यात फिरवून बसतो त्या सिलिंडरच्या झाकणाचा होता.

गाडीवाले काका वैतागलेले. “दादा, दुसरीकडे हेड बदला म्हणतात. एवढ्या पैशात माझा गाडीचा हप्ता किती महिने सुटेल सांगा.”

हेड बदलायचं कारण मला तरी दिसत नव्हतं. प्लग पोलादी, हेड अॅल्युमिनियमचं. त्यामुळे जोर जास्त झाला की हार हेडच मानतं. १४ मिमीच्या प्लगला पिळायला साधारण २५ न्यूटन-मीटर जोर पुरतो. लांब दांड्याच्या पान्याने “अजून थोडा” करत बसलं की आटे ताणले जातात, आणि पुढच्या खेपेला गरम इंजिनातच प्लग काढला की उरलेसुरले सोबत येतात. ठरलेल्या जोरालाच थांबता येतं तो टॉर्क पाना भिंतीवर टांगून ठेवण्याची आपल्याकडे भारी हौस.

हेलिकॉइल टाकू म्हटलं, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी नवे आटे. किट मुंबईच्या नागदेवी बाजारातून आणून ठेवलेलंच होतं. त्यातली तारेची गुंडाळी हातात घेऊन काका म्हणाले, “ही स्प्रिंग इंजिन धरून ठेवणार?”

दिसते स्प्रिंगसारखीच, पण ती स्टेनलेस तार आहे. बाहेरचे आटे हेडमध्ये बसतात, आतल्यांत प्लग. तिच्यासाठी पाडायचे आटे मूळ भोकापेक्षा सुमारे दीड मिमी मोठे, म्हणजे अॅल्युमिनियमची पकडही मोठ्या घेरावर येते. वर पुन्हा पुन्हा प्लग काढला-घातला तरी झीज पोलादावर. नीट बसली तर मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकते. लोक याला जुगाड म्हणतात याचा मला राग येतो.

खरी भीती वेगळीच असते. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारताना निघणारा कीस थेट सिलिंडरमध्ये पडतो. म्हणून आधी पिस्टन खाली नेला, टॅप त्याला टेकायला नको. टॅपच्या खाचांत ग्रीस गच्च भरलं, कीस त्यालाच चिकटतो. थोडं फिरवायचं, पूर्ण बाहेर काढायचं, पुसायचं, पुन्हा ग्रीस. पोऱ्या कंटाळला, म्हणाला मशीनला लावू का. नाही म्हटलं. प्लगची विहीर खोल. टॅप जरा तिरका घुसला तर मग हेड खरंच बदलावं लागलं असतं.

गुंडाळी फिरवत खाली नेली, वॉशर टेकतो त्या कडेच्या किंचित आत. तिच्या खालच्या टोकाला आडवी शेंडी असते, फिरवायला धरण्यापुरती. बंद भोकात ती ठोकून पाडली तरी चालतं. इथे पडली तर पिस्टनवर. लांब चिमट्याने धरून, वाकवून तोडली आणि चिमट्यासकट वर घेतली. ट्रेमध्ये ती टण्णकन वाजली तेव्हा काकांनीही श्वास सोडला.

मग बारीक नळी लावून व्हॅक्युम, हवा, आणि मोबाइलला जोडायचा कॅमेरा आत. एका बाजूला चमकणारा कण दिसला, तोही ग्रीस लावलेल्या काडीने उचलला. गॅस आणि पेट्रोल बंद ठेवून, बाकी कॉइल्सही सोडवून स्टार्टर मारला, भोकातून नुसती हवा आली. प्लग टॉर्क पान्याने बसवला.

गाडी एकसारखी चालू लागली. काका पैसे काढत होते, तेवढ्यात मला राहवलं नाही. “बाकीचे प्लग कोणी घट्ट केलेत?”

“हा ज्यांनी बसवला त्यांनीच.”

“मग इंजिन गार होऊ द्या. तेही बघतो.”

काकांनी छत्री उघडली आणि चहा सांगायला गेले.