पस्तापूरच्या टोपल्यांतले बियाणे

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग उमरगा आणि हुमनाबाद मागे टाकून तेलंगणात शिरतो, तेव्हा पहिले मोठे गाव लागते ते जहीराबाद. या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही स्वयंसेवी संस्था 1983 पासून काम करते आहे. तिचे बळ आहे ते गावोगावच्या, मुख्यतः दलित, स्त्रियांच्या ‘संघमां’मध्ये, म्हणजे गटांमध्ये. रब्बीच्या ज्वारीत दाणा भरत असताना, या स्त्रिया बियाणे कसे राखतात आणि एकमेकींना कसे देतात हे पाहण्यासाठी मी तिथे गेले होते.

पस्तापूरजवळच्या एका घरात भिंतीलगत बांबूच्या टोपल्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येक टोपली शेणामातीने लिंपलेली, आत बियाण्यात राख आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला मिसळलेला, आणि तोंड पुन्हा लिंपून बंद केलेले. घरच्या अम्मांनी एक टोपली फोडून मूठभर राळे माझ्या ओंजळीत ओतले. मग तूर, कारळे, जवस, अंबाडी असे एकेक वाण हाताला लावून दाखवले. पेरणीच्या वेळी ज्या बाईकडे बियाणे नसेल तिला ते इथून मिळते आणि सुगी झाल्यावर ती साधारण दुप्पट परत करते. पैशाचा व्यवहार होत नाही. त्यामुळे हाती रोकड नसलेल्या घराचीही पेरणी पहिल्या पावसावर साधते, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी मदत दुसरी नाही असे मला वाटते.

मात्र नुसते बियाणे वाटून हे काम उभे राहिले नसते. दुसऱ्या दिवशी शेतात पाहिले की कापणीच्या आधीच अम्मा ताटांमधून फिरत होत्या आणि भरदार, कीड न लागलेली कणसे बियाण्यासाठी वेगळी काढत होत्या. बरोबरच्या तरुण सुनांना त्या प्रत्येक कणीस हातात देऊन, ते का घेतले किंवा का सोडले हे समजावत होत्या. शिकवणारी स्वतः कसणारी असल्याने शंका तिथल्या तिथे फिटतात. एका एकरात ज्वारी, तूर, मूग, चवळी, तीळ मिळून पंधरा-वीस पिके घेण्याची पद्धतही अशीच हातोहात पुढे जाते. पाऊस ओढला तर एक पीक जाते, पण दुसरे घर चालवते. तण म्हणून आपण उपटून टाकतो त्यातल्या कितीतरी वनस्पती इथे पालेभाजी म्हणून शिजतात, म्हणूनच तणनाशकाला शेतात जागा नाही.

रेशनवरचा तांदूळ स्वस्त झाल्यावर या भागातली ज्वारी आणि भरडधान्ये मागे पडली, जमिनी पडीक राहिल्या. नव्वदच्या दशकात संघमांनी या पडीक जमिनी पुन्हा कसायला घेतल्या, त्यासाठी दिलेले कर्ज ज्वारीच्या रूपाने वसूल केले आणि ते धान्य गावातच साठवून गरीब घरांना टंचाईच्या महिन्यांत कमी दराने दिले. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेले पी. व्ही. सतीश 2023 मध्ये गेले, पण दर जानेवारीत संक्रांतीपासून बैलगाड्यांवर बियाणे मांडून गावोगाव फिरणारी जैवविविधता यात्रा त्यांच्या काळापासून चालत आली आहे. याच भागातल्या माचनूर गावचा ‘संघम रेडिओ’ही 2008 पासून स्त्रियाच चालवतात.

परतताना उमरग्याच्या पुढे सोयाबीनची रिकामी रानं दिसली. सोयाबीन स्वपरागित पीक आहे, म्हणजे त्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे त्याचे घरचे बियाणे राखता येते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किमान 70 उगवले तर ते पेरण्याजोगे, हे आपला कृषी विभागही सांगतो. तरीही मृगाच्या तोंडावर दुकानापुढे रांगा लागतात. सल्ला पोहोचलेला आहे. पण तो शेजारच्या शेतात उभे राहून शिकवणारी, आणि चुकले तर आपल्या टोपलीतून बियाणे देणारी बाई मराठवाड्यातल्या प्रत्येक गावात हवी, आणि ती तयार करण्याचे काम आपल्या बचत गटांनी येत्या खरिपाआधी हाती घ्यावे, असे मी कळकळीने सुचवते.