कोटाबागची घोडा लायब्ररी आणि एक फाटकं पुस्तक

नैनीतालच्या मॉल रोडवर जीव गुदमरला. तलाव सुंदरच आहे, पण हॉर्न आणि हॉटेलवाल्यांच्या ओढाताणीत तो शांतपणे बघू देतंय कोण? कालाढुंगीमार्गे कोटाबागला आलो तेव्हा कुठे मोकळं वाटलं.

मला बघायची होती ती ‘घोडा लायब्ररी’. हिमोत्थान आणि संकल्प यूथ फाउंडेशन या संस्थांमार्फत ती जून २०२३ मध्ये सुरू झाली. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात, गधेरे (डोंगरातले ओढे) फुगतात, वाटा बंद होतात आणि वरच्या गावांतल्या पोरांची शाळा बुडते. मग पुस्तकंच घोड्यावर लादून वर न्यायची. बाघनी, जलना (हो, जवळजवळ आपलं जालनाच!) अशा गावांत हा घोडा फिरतो. त्याच सप्टेंबरात ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला, तोवर १२ गावं झाली होती.

कार्यकर्त्यांबरोबर मीही पहाटे निघालो. चढ दमवणारा, त्यात जळवा. पुस्तकांवर प्लास्टिक बांधलेलं होतं, आम्ही मात्र चिंब. घोडेवाले दाज्यू (इकडे थोरल्या भावाला असं म्हणतात) पुढे, गप्प. मध्ये एका घरी गुळाचा खडा तोंडात धरून प्यायचा चहा मिळाला. बाईंनी पैसे तर घेतले नाहीतच, वर ओले मोजे चुलीपाशी वाळत घातले. हॉटेलातल्या पाहुणचारापेक्षा मला हा कितीतरी मोठा वाटला.

दाज्यूंना विचारलं, एरवी घोडा काय वाहतो? रेती, सिमेंट, रेशन, गॅसची टाकी. खेपेवर पैसे. म्हणजे लायब्ररीच्या दिवशी घोड्याची मजुरी बुडते. गावातले पालक आपला घोडा आठवड्यातून एक दिवस फुकट देतात, हे मी वाचलं होतं. पण त्या चढावर घोड्याच्या मागून चालताना तो एक दिवस केवढा असतो ते कळलं.

वरच्या गावात अंगणात सतरंजी पसरली, पोरं धावत आली. एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा मात्र पुस्तक छातीशी धरून उभाच राहिला. “इसका आख़िरी पन्ना नहीं है.” आधीच फाटलेलं होतं, मी नाही फाडलं, असं त्याने तीनदा सांगितलं. आमच्यातल्या कार्यकर्त्या ताईंनी गोष्टीचा शेवट तोंडी सांगायला घेतला तर त्याने कान झाकले. त्याला तो वाचायचा होता.

ते पुस्तक कुणीतरी दान म्हणून दिलेलं. खोक्यात तसली आणखीही होती: कालबाह्य गाईडं, निम्मी सोडवलेली कोडी. मला खरोखर संताप आला. घरातली अडगळ काढायची, त्याला पुस्तकदान म्हणायचं, आणि ती वाहायला एका माणसाने दिवसाची कमाई सोडायची! खर्च सगळा दाज्यूंचा, आणि शेवटचं पान गायब.

परतीच्या वाटेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, उतारावर गुडघे दुखले एवढंच. हल्द्वानीत दुकानं पालथी घातली, ते पुस्तक मिळालं नाही. पुण्यात आल्यावर नवी प्रत मागवून कोटाबागला पाठवली आहे. तिथे पाऊस सुरू आहे, त्यामुळे वर कधी पोचेल ते घोडा कुणाचा मोकळा आहे त्यावर ठरेल.