गॅदरिंगमधलं कबूतर आणि आमच्या सांगलीची भाग्यश्री

डिसेंबर लागला आणि कृष्णेवरून गार वारा यायला लागला की मला अजूनही शाळेचं गॅदरिंग आठवतं. आम्ही कुणी स्नेहसंमेलन म्हणायचो नाही, ते फक्त निमंत्रणपत्रिकेवर असायचं. दिवाळीची सुट्टी संपली की तालमी सुरू, मग मधल्या सुट्टीनंतर दोन तास ऑफ, कुणी नाटकात, कुणी लेझीममध्ये, कुणी नुसतंच "बाई मी काय करू" म्हणत मागे मागे फिरणारं. प्रयोगशाळेची ग्रीनरूम व्हायची, तिथे स्पिरिटच्या वासात मेकअपच्या पॅनकेकचा वास मिसळायचा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी हातात भडंगाची पुडी आणि एक बुंदीचा लाडू. ती पुडी मी घरी नेऊन आईला द्यायचे, ती त्यातले शेंगदाणे मलाच परत द्यायची.

पण मला सांगायचंय ते 1990 च्या गॅदरिंगबद्दल. मी नववीत होते.

त्याच्या आदल्या वर्षी, 29 डिसेंबर 1989 ला 'मैंने प्यार किया' आला होता, आणि नंतरचं अख्खं वर्ष आमच्या गल्लीत दुसरं काही वाजलंच नाही म्हटलं तरी चालेल. सलमान खानचा हिरो म्हणून पहिला सिनेमा, सूरज बडजात्यांचा डायरेक्टर म्हणून पहिला, भाग्यश्रीचा तर पहिलाच. मुलं ती 'फ्रेंड' लिहिलेली टोपी घालून सायकलवर फिरायची. आणि आमच्यासाठी तो सिनेमा जरा जास्तच आपला होता, कारण त्यात लक्ष्मीकांत बेर्डे होता, रीमा लागू होत्या, संगीत रामलक्ष्मण यांचं म्हणजे आपल्या विजय पाटलांचं, ज्यांची दादा कोंडक्यांच्या सिनेमातली गाणी आमचे बाबा गुणगुणायचे. आणि हिरॉईन? हिरॉईन पटवर्धनांची. सांगलीच्या राजघराण्यातली.

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. सांगलीत पटवर्धन म्हणजे गणपती मंदिर, पटवर्धन म्हणजे राजवाडा, आणि पटवर्धन म्हणजे नाटक. 1843 साली चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, मराठी नाटकाची सुरुवात तिथून धरतात, आणि म्हणून 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, हे आम्हाला शाळेत इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेत विचारलं तरी सांगू. तर त्या घरातली मुलगी पडद्यावर आली याचं आम्हाला केवढं वाटलं असेल बघा. माझी आजी सिनेमाला कधी जायची नाही, पण तिनेसुद्धा विचारलं, "राजेसाहेबांची थोरली ना गं ती?"

खरं म्हणजे मी तिला त्याच्या आधीच पाहिलं होतं. 1987 ला दूरदर्शनवर अमोल पालेकरांची 'कच्ची धूप' लागायची, ती 'लिटल विमेन' या कादंबरीवर बेतलेली होती. आई आणि तिच्या मुली, घरातली छोटी छोटी भांडणं, रुसवे, पैशांची ओढाताण. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, त्यावर शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसायच्या. भाग्यश्रीचा जन्म 23 फेब्रुवारी 1969 चा, म्हणजे तेव्हा ती कॉलेजच्या वयाची, अठरा वर्षांची पोर. त्यात आशुतोष गोवारीकरही होता, जो पुढे एवढा मोठा डायरेक्टर झाला. मला विचाराल तर तिचं काम त्या सिरियलमध्ये जास्त मोकळं होतं, सिनेमातल्या सुमनपेक्षाही. सुमन सगळ्यांना आठवते, 'कच्ची धूप' फार थोड्यांना, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर गॅदरिंग. आमच्या बाई फिल्मी गाण्याच्या सक्त विरोधात. कोळीगीत चालेल, भावगीत चालेल, शेतकरी नृत्य तर दरवर्षी ठरलेलंच. आम्ही सहा-सात जणी स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिलो, आणि जी आमच्यात सगळ्यात चांगली नाचायची ती पुढे होऊन म्हणाली, "बाई, गाणं लताबाईंनी गायलंय, त्या लहानपणी सांगलीतच होत्या, आणि हिरॉईन पण आपल्या सांगलीची, मग हे फिल्मी कसं झालं, हे तर आपलंच झालं की!" बाई बराच वेळ वह्या तपासत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, ओढणी दोन्हीकडून पिन करायची, मुलगा घ्यायचा नाही, आणि एकच कडवं.

एकच कडवं! पण मिळालं हेच खूप होतं.

गाणं अर्थातच 'कबूतर जा जा जा'. मुलगा घ्यायचा नाही म्हणून आमच्यातली सगळ्यात उंच मुलगी टोपी घालून हिरो झाली. आणि कबूतर आम्ही थर्माकोलचं केलं, पंखांना खरे कापसाचे थर लावून, चोचीला लाल स्केचपेन, गळ्यात चिठ्ठी. स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नायलॉनची दोरी बांधली होती, त्यावर ते कबूतर एका कडीला लटकवलेलं, आणि कडीला बांधलेली दुसरी बारीक दोरी विंगेतून ओढायची. ओढायचं काम माझं. मी नाचण्यात कच्ची म्हणून नाही हं, मला ते कबूतरच करायचं होतं, महिनाभर मी त्याच्यामागे होते.

कार्यक्रमाच्या दिवशी लाईट गेले नाहीत, टेपरेकॉर्डरने दगा दिला नाही, कॅसेट पेन्सिलने फिरवून बरोबर जागेवर आणून ठेवली होती, सगळं नीट. गाणं सुरू झालं, टाळ्या, शिट्ट्या, मागच्या ओळीतले दहावीचे पोरं उठून उभे. मी दोरी ओढली. कबूतर निघालं, छान तरंगत अर्ध्या स्टेजपर्यंत आलं आणि थांबलं. दोरी मधे तोकडी पडली म्हणून मी सकाळी एक तुकडा जोडला होता, त्या गाठीत कडी अडकली. मी ओढतेय, हलवतेय, काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी. आणि ही बया, आमची सुमन, नाचता नाचताच कबुतराखाली गेली, टाचा उचलल्या, हात वर करून त्याच्या गळ्यातली चिठ्ठी अलगद काढली, छातीशी धरली आणि गिरकी घेऊन परत आपल्या जागेवर. जणू असंच बसवलं होतं. बाईंना तर वाटलं आम्ही मुद्दाम केलं. त्या दिवसापासून शाळेत तिला सगळे सुमनच म्हणायला लागले, आणि पुढच्या वर्षी शेला-पागोट्यांत, म्हणजे एकेकाच्या नावाने वाचतात त्या गमतीच्या ओळींत, तिच्या नावाने आलं, "कबूतर अडकलं, पोरगी नाही अडखळली."

त्याच सुमारास खऱ्या सुमनबद्दल सगळीकडे एकच चर्चा. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध हिमालय दासानीशी लग्न केलं होतं, देवळात, मोजक्या माणसांत, त्यात सूरज बडजात्या आणि सलमान होते. फिल्मफेअरचं पदार्पणाचं अवॉर्ड मिळालेलं, समोर रांग लागलेली, आणि ही म्हणाली काम करीन तर नवऱ्याबरोबर. 1992 मध्ये त्या दोघांचे 'कैद में है बुलबुल', 'त्यागी' आणि 'पायल' आले, ते काही चालले नाहीत. आमच्या सांगलीत लोक हळहळायचे, दुकानात, बसस्टॉपवर, अगदी आपल्याच घरातल्या मुलीचं काहीतरी हुकलंय अशा आवाजात. "वाया घालवलं हो पोरीने."

मला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. विशीतल्या मुलीने आपल्याला काय हवंय ते ओळखलं आणि तेच केलं, यात वाया काय गेलं? आणि ती काही गायब झाली नाही. मुलं मोठी झाली तशी ती परत आली, 2009 ला 'झलक दिखला जा' मध्ये नाचली, 2014 ला 'लौट आओ त्रिशा' ही सिरियल केली, 'थलाइवी' मध्ये जयललितांच्या आईचं काम केलं, 'राधेश्याम' मध्ये प्रभासची आई झाली. तिचा मुलगा अभिमन्यू 'मर्द को दर्द नहीं होता' मधून आला आणि त्यालाही फिल्मफेअरचं पदार्पणाचं अवॉर्ड मिळालं, आईनंतर तीस वर्षांनी. ती बातमी मी आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकली तेव्हा सगळ्यात आधी उत्तर आलं ते आमच्या सुमनचं. नुसतं कबुतराचं चित्र.

आमची सुमन दहावीनंतर स्टेजवर कधीच गेली नाही. बारावी झाली, लग्न झालं, सासर लांब, मग आम्हीही आपापल्या व्यापात. आता गेली काही वर्षं आमच्या बॅचचा मेळावा असतो, शाळेतच, त्याच हॉलमध्ये, खुर्च्या फक्त प्लास्टिकच्या आल्यात. भडंग अजून तेच, शेला-पागोटेही असतात, बाईपण येतात, काठी टेकत, आणि हजेरी घेतात. मागच्या मेळाव्यात आम्ही दोघी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलो होतो आणि ती म्हणाली, 2022 ला टीव्हीवर 'स्मार्ट जोडी' मध्ये भाग्यश्री नवऱ्याबरोबर आली होती, आपल्या लग्नाला माहेरचं कुणी नव्हतं हे सांगताना रडली, ते बघून मीही खूप रडले गं. का रडलीस, मी विचारलं नाही. थोड्या वेळाने मी विचारलं ते दुसरंच, तुला कधी वाटलं नाही का परत नाचावं? तर म्हणाली, "वाटलं ना. पण तो दिवस इतका भरून पावला होता की बरीच वर्षं पुरला."

बरीच वर्षं म्हणाली, आयुष्यभर नाही म्हणाली, ते मी बरोबर धरून ठेवलं.

यंदाच्या मेळाव्यात प्रत्येक तुकडीने एक आयटम करायचा असं ठरलंय. मी फोन केला. आधी गुडघे सांगितले, मग नातू लहान आहे सांगितलं, मग गप्प झाली, आणि मग म्हणाली, बाईंना विचार यावेळी दोन कडवी चालतील का. बाई म्हणाल्या चालतील, पण ओढणी पिन करायची.

थर्माकोल घेत नाही आता, पुठ्ठ्याचं कबूतर करतेय. नायलॉनची दोरी काल आणली, दुकानदाराला स्टेजची रुंदी सांगून वर दोन हात जास्तच, अखंड, मधे एकही गाठ नाही.