तुम्ही विचारलंत म्हणून: हत्तीला चिंच का लावायची नाही

‘अहो, तांबंच ना? चिंच-मीठ लावा, बंबासारखं लखलखेल.’ पिडकॉकचं टोकन, म्हणजे नाण्यासारखी जुनी तांब्याची चकती, दाखवलं की हे आलंच. घासत का नाही, एवढाच तुमचा प्रश्न.

बंब घासायचाच असतो, त्यावर वाचायचं काही नसतं. या टोकनाच्या एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांची गाय आणि लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या एक्झेटर चेंज या इमारतीचा पत्ता. १७९०च्या दशकातली, गिल्बर्ट पिडकॉकच्या प्राणिप्रदर्शनाची ही जाहिरात. अर्ध्या पेनीच्या या चकतीवरचा उठाव कागदाइतका पातळ.

चिंचेतलं आम्ल आधी तपकिरी थर विरघळवतं. दोन मिनिटांत गुलाबी तांबं उघडं. घासताना झीज होते ती उंच भागांची, म्हणजे हत्तीच्या कपाळाची नि पाठीची. मीठ त्याहून वाईट. त्यातलं क्लोराइड अक्षरांच्या मुळाशी दडतं, नळाखाली धरून निघत नाही. दमट हवेत तिथे फिकट हिरवी भुकटी फुटते. खरवडा, पुन्हा येते, आणि दरवेळी खाली खड्डा खोल होतो. बाकीचा गुलाबी रंग विटतो तोही ठिगळाठिगळांनी.

‘पण मूळचं लालच होतं ना?’ होतं, कबूल. ही टोकनं तेव्हाच्याच संग्राहकांनी कोरी घेऊन जपली, म्हणून काहींवर ती लाली अजून आहे. पण टाकसाळीची झळाळी, टोकन दिव्याखाली कलतं केलं की, चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, आणि टिकते अक्षरांच्या आडोशाला. झिजलेल्या कपाळावरही गुलाबी दिसलं, तर ते चिंचेचं समजा. दोन्ही रंग सारखेच मानणाऱ्यांशी वाद घालून दमलो.

पूर्वी मी ‘हातच लावू नका’ म्हणायचो. तो हट्ट होता. हिरवी भुकटी असेल तर काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर, रोज बदलायचं, कित्येक आठवडे. मग पूर्ण सुकवून सिलिका जेलसह हवाबंद डबीत. एवढ्या भिजवण्याने रंग बदलू शकतो, हेही खरं. भिजवायचं की नुसतं कोरडं ठेवायचं, हे अजून टोकन बघूनच ठरवतो.

आणि टोकन मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात असेल, तर ते पाकीट आजच बदला. त्याचा चिकट हिरवा थर शुद्ध ॲसिटोनने जातो. नेलपॉलिश रिमूव्हरने नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी, गॅस बंद. टोकन कडेनेच धरा.