अल्गॉलचा तळ आणि साडेपाच तासांचा घोळ

अल्गॉल या ठरावीक काळाने मंदावणाऱ्या ताऱ्याच्या फोटोमेट्रीला, म्हणजे तेज मोजायला, दुर्बीण लागत नाही. डीएसएलआर, ५० मिमी लेन्स आणि ट्रायपॉड पुरतो. रॉ फोटो, आयएसओ १००, ५ सेकंद. फोकस मुद्दाम बिघडवायचा, म्हणजे तारा दहाएक पिक्सेलवर पसरतो आणि पिक्सेल तुडुंब भरत नाहीत. दर वेळी दहा फ्रेम, मोजायचा फक्त हिरवा चॅनेल. इथपर्यंत कुठे अडलं नाही.

अडलं वेळेपाशी. अल्गॉल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी २.१ प्रतीवरून ३.४ वर उतरतो (प्रतीचा आकडा मोठा, तितका तारा मंद). उतरण आणि चढण मिळून दहाएक तास. माझा आलेख देखणा आला, पण तळ, म्हणजे तारा सर्वांत मंद असण्याचा क्षण, भाकितापेक्षा साडेपाच तास उशिरा. म्हणजे खरा तारा उजळून मोकळा, आणि माझा तेव्हा तळाला! आठवडाभर तुलनातारे (ज्यांच्याशी तेज ताडून बघायचं ते तारे) बदलले, फ्लॅट (लेन्समुळे येणारा उजेडाचा असमानपणा काढायचे फोटो) पुन्हा काढले. फरक होता ०.२२९ दिवसांचा. त्याला २४ ने गुणून बघायचं तेवढं सुचलं नाही.

कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर, फोटोत टाइमझोनची नोंद नाही, सॉफ्टवेअरने ती वेळ सरळ यूटी (जागतिक वेळ) धरली. मग कॅमेरा यूटीवर आणला, तर लॅपटॉपवरच्या सेटिंगने आणखी साडेपाच तास वजा केले आणि तळ तेवढाच आधी सरकला. दुरुस्ती एकाच ठिकाणी करायची. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी, आपल्याकडे संध्याकाळी ५:३० ला बदलतो. १ जानेवारी २०२५ ला त्या क्षणी २४६०६७७.० होता. सॉफ्टवेअरला हा आकडा जमतो का, ते आधी तपासा. सुरुवातीला मोबाईलच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा, कॅमेरा किती मागे-पुढे आहे ते कळतं.

एवढं करूनही पाच-सात मिनिटं उरली तर घाबरू नका. भाकीत बहुधा सूर्यकेंद्री (सूर्यावरून पाहिल्यासारख्या) वेळेत असतं, तिथे आठ मिनिटांपर्यंत फरक पडतो. एएव्हीएसओ या रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संस्थेच्या फाइलमध्ये जेडी (ज्युलियन दिवस) की एचजेडी (तोच, सूर्यकेंद्री) ते लिहावंच लागतं. फिल्टरच्या रकान्यात टीजी, म्हणजे कॅमेऱ्याचा हिरवा चॅनेल. वर्णदुरुस्ती (ताऱ्याच्या रंगानुसार करायची दुरुस्ती) केल्याशिवाय व्ही (प्रमाणित फिल्टर) लिहू नका.

हे आधीच सांगायला हवं होतं: शेजारचा ऱ्हो पर्सेई तुलनेला सोयीचा दिसतो, पण तो स्वतःच रूपविकारी आहे. कप्पा पर्सेई घ्या, ३.८ प्रतीचा.