स्ट्रोकरचं गणित पिस्टनपासून

स्ट्रोकर म्हणजे स्ट्रोक वाढवलेलं इंजिन. जुन्या 350 बुलेटचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 90. म्हणजे 346 सीसी. स्ट्रोक 96 केला की 369.5 सीसी. पण वाढलेल्या 6 मिमीतले 3 मिमी पिस्टन जास्त वर जातो, 3 जास्त खाली. कनेक्टिंग रॉड तोच ठेवायचा तर गजनपिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर 3 मिमी कमी हवं. नुसता माथा खरवडून हे साधू नका. तो पातळ होऊन भोक पडतं. खाली पिस्टनचा स्कर्ट (खालची कड) फ्लायव्हीलला घासतो का, हे हाताने क्रँक फिरवून बघा. इथेच बहुतेकांचं फसतं.

हेड नंतर. 8.5 कॉम्प्रेशन रेशो हवा तर पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) असताना वर एकूण 49.3 सीसी जागा उरली पाहिजे, गॅस्केटची जाडी धरून. ब्युरेटने तेल ओतून मोजा, अंदाजपंचे नको. हेडचं फेसिंग (तळ घासून सपाट करणं) त्यानंतरच. व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात का हे बघायला पिस्टनच्या माथ्यावर मळलेली माती ठेवून क्रँक दोन फेरे फिरवा, दबलेली जाडी मोजा: इनटेक व्हॉल्व्हला 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 ठेवलेलं बरं.

पोर्ट (हेडमधले हवेचे मार्ग) मोठे करायचा मोह आवरा. खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि पन्हाळ्याच्या चढाला गाडी रडते.

बोअरिंग-होनिंग (सिलिंडर आतून कापून घासणं) कोल्हापूरच्या उद्यमनगरात कराल, पण पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर देऊ नका. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्याला क्लिअरन्सही (सिलिंडरशी मोकळी फट) जास्त लागतो.